ताईच्या शहरातलं हॉटेल

हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. सुजाताला, माझ्या बायकोला, यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं तिने कधी विचारलं नाही आणि मीही तिला सांगितलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगायला जमेल. बघू.

तसं ऐकायला साधं आहे. युरोपच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या शहरात जायचं होतं आणि तिथे कुठे उतरायचं ते ठरवायचं होतं. एवढंच. यात लपवण्यासारखं काय असणार?

आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. आमच्या समोरच्या घरात शिरीष आणि मेधा. ते पुण्याचे, आम्ही नागपूरचे. त्यांचा मुलगा आणि आमची मुलगी एकाच वर्गात. गणपती त्यांच्याकडे, दिवाळीचा फराळ आमच्याकडे, थंडीत एकमेकांच्या दारातला बर्फ काढायचा, असं आमचं बारा महिने चालतं. त्या उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून नॉर्वेची क्रूझ बुक केली. जहाज हॅम्बर्गहून निघणार होतं. त्याआधी दोन दिवस शहर बघायचं, असं ठरलं.

हॅम्बर्गला माझी मोठी बहीण राहते.

ताई तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. एकटी असते. एल्ब नदीच्या पलीकडे, दक्षिणेला, तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. रोज बोटीने नदी ओलांडून कामावर येते. आई गेली तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर माझा डबा ताईनेच केला, सायकलवर डबलसीट बसवून क्लासला तीच सोडायची. क्रूझ ठरल्यावर मी पहिला फोन तिला केला. तेव्हा माझ्या मनात खरंच काही नव्हतं. एवढं तरी माझ्यावर विश्वास ठेवून ऐका.

ती म्हणाली, "काऊन रे, हॉटेलात काऊन उतरता? सगळे माझ्याकडे या. पोरं हॉलमध्ये झोपतील."

मग रोज तिचे मेसेज. दोन गाद्या आणल्या. सुट्टीचा अर्ज दिला. शिरीषला तिखट चालतं का, सावजी मटण केलं तर खाईल का, की मेधासाठी वेगळं काही करू? मी अंगठा पाठवायचो. आणि मग एका संध्याकाळी तिने हॉलचा फोटो पाठवला, गाद्या कशा घालायच्या ते दाखवायला. भिंतीशी बुद्धाची मूर्ती. तिच्या वर ती तसबीर, आमच्या लोकांच्या प्रत्येक घरात असते ती. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. खाली ताजी फुलं.

मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो.

आता सांगतो. आम्ही बौद्ध. शिरीषला हे माहीत नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, 'कर' लावलेलं. त्यावरून इथल्या मराठी मंडळींनी आपापल्या मनाने काय ते ठरवून टाकलं होतं. मी कधी खोटं बोललो नव्हतो—फक्त कोणाची चूक सुधारली नव्हती. आमच्याही घरात ती तसबीर आहे. पण वरच्या मजल्यावर, बेडरूममध्ये. पाहुणे तिथे जात नाहीत. ताईचा फोन आला की ती "जय भीम" म्हणते. आजूबाजूला कोणी असलं की मी "हां, बोल ताई" म्हणतो. इतक्या वर्षांत तिच्या हे लक्षात आलं नसेल? मी स्वतःला सांगायचो, नसेल आलं.

शिरीषने मला जात कधी विचारली नाही. एकदा ऑफिसातल्या कोणाबद्दल तो काहीतरी बोलला होता, आरक्षणाच्या कोट्यावरून, आणि मीही त्याच्याबरोबर हसलो होतो. पण ते सांगून मला सुटायचं नाहीये. त्या फोटोकडे बघताना मला शिरीष दिसला नाही—मी दिसलो, त्या हॉलमध्ये, मटणाचं ताट घेऊन, माझ्याकडे वळलेली त्यांची तोंडं बघणारा. माझ्या अंगाला घाम सुटला होता. स्वतःच्या बहिणीच्या घराचा फोटो बघून.

त्याच आठवड्यात शिरीषच्या किचनमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. लॅपटॉपवर हॅम्बर्गचा नकाशा उघडलेला. मेधाने सगळा अभ्यास करून ठेवला होता. मोठ्या स्टेशनजवळ राहिलं तर सामान घेऊन फिरावं लागत नाही, पण तिथे गर्दी असते. जुन्या गोदामांच्या भागात कालवे आहेत, लाल विटांच्या इमारती, मुलांना खिडकीतून बोटी दिसतील. नदीपलीकडे स्वस्त पडेल, बोटीने ये-जा करता येईल. तिने बोट ठेवलं ती जागा ताईच्या घरापासून जवळ होती.

मी म्हणालो, बंदराच्या बाजूला गोंगाट असतो. वास येतो. त्यापेक्षा उत्तरेला तळ्याकाठी बघू.

मग शिरीषने विचारलं, "अरे, तुझी बहीण जर्मनीतच असते ना? कुठे?"

"म्युनिकच्या पुढे," मी म्हणालो. "लांब आहे खूप."

सुजाताने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं.

ताईला मी फोनवर सांगितलं की प्लॅन बदलला, जहाज आता कोपनहेगनहून निघणार आहे, हॅम्बर्गला येणंच होणार नाही. ती म्हणाली, असू दे, पुढच्या वेळी. मुलीला मी सांगितलं, आत्याला सुट्टी मिळत नाहीये, आता तिला त्रास द्यायचा नाही. किती सोपं असतं हे. एकेकाला एकेक गोष्ट सांगायची, की झालं.

तळ्याकाठचं हॉटेल सुंदर होतं. पांढरे पडदे, खिडकीखाली हंस. मी पहिल्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडायला तयार नव्हतो. जेट लॅग म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना बंदर बघायचं होतं. बोटींच्या धक्क्यावर गेलो. शिरीष म्हणाला, पलीकडे जाऊन येऊ, रोजच्या प्रवाशांचीच बोट आहे. मी म्हणालो डोकं दुखतंय, तुम्ही जा. सुजाता मुलीचा हात धरून बोटीत चढली आणि तिने मागे वळून बघितलं नाही. मी बाकावर बसलो. वारा होता, नदीचं पाणी करडं, समोर क्रेन आणि त्यांच्या मागे घरं. त्यातलं ताईचं कुठलं, मला माहीत नव्हतं. तिच्या घराचा पत्ता माझ्या फोनमध्ये होता आणि मी तो उघडला नाही.

आणि फोन वाजला. ताई.

"जय भीम," ती म्हणाली. आजूबाजूला माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून "हां, ताई" असंच आलं. पोचलात का कोपनहेगनला, तिने विचारलं. हो म्हणालो. हॉटेल बरं आहे का? हो. मी विचारलं, तू कामावर का? नाही म्हणाली, घरीच आहे. घेतलेली सुट्टी परत नाही करता आली.

तेवढ्यात धक्क्यावरचा लाऊडस्पीकर सुरू झाला. जर्मनमध्ये. बोटीचा नंबर, धक्क्याचं नाव, पुढचे थांबे, सगळं सावकाश, स्पष्ट. ताई काहीतरी बोलत होती ती मध्येच थांबली. ती रोज सकाळ-संध्याकाळ ऐकते तोच आवाज असणार. मी फोनवर हात ठेवला. उशीर झाला होता.

ती ओरडली असती तर—रडली असती तर! ती म्हणाली, "पोरीला टोपी घाल रे. नदीवर वारा लई असतो."

कोपनहेगनला समुद्र आहे. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

बोट परत आली. पोरांनी माझ्यासाठी मासा घातलेला पाव आणला होता. शिरीष म्हणाला, पलीकडे मस्त आहे, खरं तर तिकडेच उतरायला हवं होतं. मी पाव खाल्ला. जहाजावर आठवडाभर डोंगर बघितले, धबधबे बघितले. फोटोंमध्ये मी सगळीकडे हसतो आहे.

ताईने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. फोन येत राहिले. थोडे लांब लांब अंतराने, एवढंच.

यावर थांबलो असतो तर मी कदाचित तुम्हाला हे सांगितलंही नसतं. पण गेल्या हिवाळ्यात ती शिकागोला आली. हॉस्पिटलच्या गटाबरोबर, कसल्याशा ट्रेनिंगला. मला फोन केला तो इथे पोचल्यावर, हॉटेलातून. मी ट्रेनने शहरात गेलो. लॉबीत बसली होती, जाड कोट मांडीवर घेऊन. केस बरेच पांढरे झालेत. मला बघून उठली, माझ्या गालाला हात लावला.

मी म्हणालो, ताई, घरी चल. सामान घे, आत्ता निघू. मुलगी वाट बघतेय.

"राहू दे," ती म्हणाली. टोमणा नव्हता हो. असता तर बरं झालं असतं. "तुझ्याकडे लोक येत-जात असतात. आणि मला बाई, दारात पाय टाकला की जय भीम म्हटल्याबिगर राहवत नाही."

मी काय बोलायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पाच शब्दही लागले नसते. ती माझ्याकडे बघत होती, घाई न करता, लहानपणी पाढे म्हणायला लावून बघायची तशी. मी म्हणालो, "कॉफी घेशील?"

ती हो म्हणाली. आम्ही कॉफी घेतली. तिने सुजाताची विचारपूस केली, मुलीसाठी आणलेला स्वेटर माझ्याजवळ दिला. निघताना म्हणाली, थंडी फार आहे, गाडी चुकवू नको.

घरी आलो तेव्हा शिरीष समोर बर्फ काढत होता. आमच्याही दारातला त्यानेच काढून ठेवला होता. फावडं टेकवून त्याने विचारलं, कुठे गेला होतास?

स्वेटरची पिशवी माझ्या हातात होती.

"ऑफिसचं काम होतं," मी म्हणालो.