हळदीवरून फिरलेला टिलर

भोईवाड्यात आमच्या चाळीमागे एक टेम्पो उभा राहील एवढी मोकळी जागा आहे. तिला सगळे बाग म्हणतात, कारण आई तिथे अळू, ओवा, गवती चहा लावायची. गेल्या वर्षी चाळीची दुरुस्ती निघाली. वर्षभर तिथे परांच्या उभ्या होत्या, माणसांनी ये-जा करून माती अशी काही तुडवली की कुदळ मारली तर हातालाच झिणझिण्या. म्हणून मे महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कर्जतच्या शेतावरून मी छोटा टिलर मागवला. पुढे फिरणारी पाती, मागे दोन मुठी, पेट्रोलवर चालणारा.

टिलर मी चालवणार होते. पण बाबांनी तो पाहिला आणि संपलंच. गिरणीच्या साचेखात्यात मागावर उमेदीची वर्षं काढलेला माणूस. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी यंत्र दिसलं की यांचा हात आपोआप फडक्याकडे जातो. त्यांनी टिलर पुसला, बोल्ट तपासले, कुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. मी म्हटलं, "बाबा, दसरा नाही आज." ते म्हणाले, "यंत्राक काय म्हायत?" आणि मुठी धरल्या.

मी आपली मागून दगड-विटांचे तुकडे वेचून फाटकाशी टाकत होते. कौतुकही वाटत होतं आणि रागही येत होता, कारण मेहनत माझी आणि वाहवा त्यांची. शेजारी गॅलऱ्यांतून बघत होते. बाबा अगदी सरळ रेघेत जात होते, टोकाला वळत होते, पुन्हा सरळ. माती भुसभुशीत होऊन मागे पडत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आई उभी होती. गुडघ्यांमुळे तिचं खाली उतरणं कधीच सुटलं होतं. मध्येच ती जोरजोरात हात हलवायला लागली. मागांच्या खडखडाटाने बाबांचे कान तरुणपणीच गेले, आणि साचेखात्यात बोलणं खुणांनीच चालायचं. तेव्हा खुणा वाचण्यात आपण पटाईत, असा त्यांचा समज. त्यांनी एक हात सोडून आईला ऐटीत हात केला. झकास चाललंय, असंच त्यांना वाटलं असणार. आणि भिंतीकडेचा शेवटचा पट्टा घेतला. विणकराला कापडाची किनार अर्धी सोडवत नाही; यांना मातीचीही सोडवली नाही.

वास आधी आला. मग मातीत पिवळंधमक काहीतरी दिसलं. बाबांनी टिलर बंद केला.

ती आईची हळद होती. थंडीत पानं वाळून गेली की वर काहीच दिसत नाही, खाली गड्डा झोपलेला असतो. लग्न होऊन आली तेव्हा कणकवलीकडच्या माहेरून आणलेला. ते घर आता नाही, जमीन विकली गेली, आजी तर कधीच गेली. माहेरचं म्हणून आईकडे एवढंच उरलं होतं. श्रावणात त्याच पानांत ती पातोळ्या करायची.

"माका वाटला, रिकामीच हा," बाबा म्हणाले. मग मटकन उकिडवे बसले आणि तुकडे वेचू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या बाबांना मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि फार वाईट वाटलं.

जिन्यावर चाहूल लागली. कठडा धरून, आडवं वळून, एकेक पायरी उतरत आई खाली येत होती. मी धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली. ती बसली, धाप ओसरू दिली आणि बाबांच्या ओंजळीत पाहिलं.

"रडतास कित्याक?" ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "हळद मोडूनच लावतत. माझ्या आवशीन पण माका मोडूनच दिलेली."

बाबांनी खांद्यालाच डोळे पुसले.

"गड्डो दाटलेलो. दर वर्सा म्हणी, फोडून येगळो करूया. पण मोडूक माझो हात धजी नाय." वर गॅलरीकडे बोट करत ती म्हणाली, "हात करी होतंय तो, जरा हळू म्हणान."

मग तिने ओंजळीतले तुकडे निवडले. ज्याला डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा आहे तो ठेवायचा, नाही तो बाजूला. प्रत्येक तुकडा ती बाबांच्या चष्म्यासमोर धरून दाखवत होती. मी म्हटलं, "दे इकडे, मी लावते सगळे." तिने माझा हात बाजूला सारला.

"तेंकाच लावूंदेत," ती म्हणाली. आणि बाबांकडे वळून, "मी नसलंय तरी तुमका लावूक येवक व्हया."

बाबांनी मऊ मातीत बोट खुपसलं आणि विचारलं, "इतक्या खोल पुरे मा?"

"आजून थोडा," आई म्हणाली.