आमच्या मातीला कुलूप

भीमेकाठी, दौंड तालुक्यात आमचं शेत. पाटाचं पाणी पाजून पाजून खालचं वावर खारवट झालेलं. उन्हाळ्यात वर पांढरं फुटायचं. पुण्याहून मातीचे अभ्यासक आले, पिशव्या भरून माती नेली, आमच्याकडं पिठलं-भाकरी हाणली आणि जाताना माझ्या वडिलांना म्हणाले, "आप्पा, काय निघतंय ते कळवतो."

कळवलं कुणी नाही. निघाला तो शोधनिबंध, परदेशी नियतकालिकात. मी शिरूरच्या कॉलेजात शिकवते, पीएचडी करते, म्हणून नेटवर सापडला तरी. उघडायला गेले तर कुलूप. डॉलर मोजा, मग वाचा. माती आमची, पिठलंही आमचंच, आणि दाराबाहेर आम्हीच.

आप्पांना घाई होती. "खाली ऊस लावू का नको, येवढंच सांग. बेणं बांधावर येऊन पडलंय."

कॉलेजात असले निबंध फुकट उघडतात, असं फलकावर लिहिलंय. पासवर्ड ग्रंथपालांकडे आणि ग्रंथपाल निवडणुकीच्या ड्यूटीवर. मग संशोधकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली, कुणाकडे असेल तर पाठवा म्हणून. ग्रुपची रीतच अशी, की देणारा कुणी नसतो, सगळे खाली "मलाही" लिहून हात जोडतात. धडाधड "मलाही" आले. त्यातलं एक खुद्द निबंध लिहिणाऱ्या साहेबांचं.

मी फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, आमच्या विद्यापीठानं त्या नियतकालिकाची वर्गणी बंद केलीय. मूळ लिखाण, आकडेमोड सगळं विद्यार्थ्याकडं, तो गेला परदेशी."

"मग तोंडी सांगा सर. आमच्या खालच्या वावराचं काय?"

"असं तोंडी कसं सांगणार? पेपर बघावा लागेल."

बेणं वाळायला लागलं, तेव्हा आप्पांनी ऊस लावून टाकला.

पुढं ग्रुपवरच्या एका अनोळखी भल्या माणसानं निबंध पाठवला, तोवर खालचा ऊस करपला होता. आप्पा म्हणाले, वाच. मी मराठीत सांगत गेले. खालच्या वावरात आधी चर खणून पाणी काढून द्यावं, तोवर ऊस लावू नये. आणि शेवटी, ही माहिती लागवडीआधी शेतकऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आप्पा करपलेलं पान चुरगाळत म्हणाले, "सायबांनी बी मागितला व्हता न्हवं? पाठव त्यांना. त्यांनी तरी वाचावा."

मी पाठवला. साहेबांनी लगेच हात जोडले.