सखूबाईंच्या बादलीतलं शिरीष

तिसऱ्या उमेदवाराने खोडावर हात ठेवला, बराच वेळ वर पाहिलं आणि म्हणाला, “आज नाही सांगता येणार.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आधीचे दोघे तडकाफडकी बोलले होते. एक म्हणाला, वठलंय, पाडा. दुसरा रस्त्याच्या पलीकडूनच म्हणाला, जिवंत आहे.

मी तेव्हा उद्यान विभागात होते. शिक्षण मॅट्रिक, बाकी जे कळतं ते झाडांखाली उभं राहून. शहरात झाड तोडायचं तर परमिशन लागते. त्याआधी कुणीतरी जाऊन झाड पाहायचं, रिपोर्ट द्यायचा. ते इन्स्पेक्शन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिक चहूबाजूंनी वाढायला लागलं, अर्जही वाढले, माणसं मात्र तेवढीच. म्हणून कॉन्ट्रॅक्टवर जाणकार घ्यायचं ठरलं. इंटरव्ह्यू झाडाखालीच घेऊ, ही कल्पना माझी.

झाड पेठ रोडवरचं शिरीष. उन्हाळ्याच्या तोंडाला ते पानं टाकतं, नुसत्या वाळक्या शेंगा उरतात. वारा आला की त्या वाजतात, हळू, लांब कुणीतरी सुपात धान्य पाखडत असावं तशा. त्या आवाजाखाली मला बाई डुलकीच यायची. पण त्या वर्षी रस्त्यावरच्या बाकी शिरीषांना पालवी आली आणि हे तसंच राहिलं. आदल्या वर्षी ड्रेनेजच्या खोदकामात त्याची एका बाजूची मुळं तुटली होती. मागच्या दुकानदाराचा अर्ज होता, झाड मेलंय, वादळात दुकानावर पडेल. त्याला खोटं ठरवायची माझीही छाती नव्हती. आणि खाली मखमलाबादच्या सखूबाई फुलं विकायच्या. झाड गेलं तर भर उन्हात त्यांचा धंदा बसणार होता.

“मावशी, तुम्हाला काय वाटतं?” उमेदवाराने विचारलं.

“मला इचारू नका दादा. मी तं मेलेलंबी जित्तंच सांगंन.”

हे तिसरे उमेदवार, भास्करराव. पिंपळगाव बसवंतचे, सगळी उमर द्राक्षबागांच्या छाटणीत गेलेली.

“मग आलात कशाला?” साहेब म्हणाले.

“द्राक्षाचा वेल असता तर उभ्या उभ्या सांगितलं असतं, साहेब. माझ्यासारखा सांगणारा तालुक्यात नाही. पण ह्याची नि माझी ओळख आजची. चार काड्या घेऊ द्या.”

द्राक्षवाले छाटणीआधी काडी, म्हणजे डहाळी, कापून तपासतात. तिच्यावर जिथून फुटवा येतो त्या उंचवट्याला ते डोळा म्हणतात. डोळा बघायचा, मग कात्री लावायची.

भास्करराव चपला काढून वर चढले. चारी अंगांच्या काड्या आणल्या, ड्रेनेजच्या बाजूच्यांना दोरा बांधला आणि सगळ्या सखूबाईंच्या बादलीत उभ्या केल्या.

“माझ्या फुलांत सरपण नगा घालू,” सखूबाई म्हणाल्या. पण निशिगंध त्यांनीच बाजूला सरकवला.

“रिपोर्ट कधी?” साहेबांनी विचारलं.

“काड्या सांगतील तेव्हा.”

“बाई, हा माणूस आपल्याला बादलीसमोर बसवणार,” साहेब मला म्हणाले.

बसवलंच. ऑफिसला जाता जाता मी तिथे थांबायची. निशिगंधाचा वास, वर शेंगांची ती पाखडण, फांद्यांच्या जाळीतून उतरलेलं कोवळं ऊन. घड्याळाकडे बघावंसंच वाटायचं नाही. सखूबाई पाणी बदलायच्या. दुकानदारही शटर उघडायच्या आधी बादलीत डोकावून जायचा. “काय मावशी, उठला का पेशंट?”

“तुमच्या तोंडाकडं बघून परत निजला.”

मग एका सकाळी बांधलेल्या काड्या पार काळ्या पडलेल्या दिसल्या. आणि मोकळ्या काड्यांचे डोळे फुगलेले. एक तर उघडलाच होता, चिमणीच्या पिल्लाने चोच उघडावी तसा, आत हिरवा.

भास्कररावांचा रिपोर्ट साधा होता. ड्रेनेजकडच्या फांद्या मेल्यात, दुकानावर त्याच येतात, त्या उतरवा. बाकी झाड ठेवा. साहेबांनी आधी रिपोर्टवर सही केली आणि मग त्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर.

सावली निम्मी झाली. सखूबाईंनी कुरकुरत टोपल्या पलीकडच्या अंगाला मांडल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्या डोक्यावर शिरीषाची ती रेशमी, फिकट हिरवी फुलं आली आणि खाली निशिगंध विकणाऱ्या बाईलाच गिऱ्हाइकं विचारू लागली, हा वास कशाचा.

पुढे मी पुष्कळ इंटरव्ह्यू घेतले. झटपट उत्तर देणारी माणसं मला अजूनही आवडतात. ते आधीचे दोघे तर निम्मे निम्मे बरोबरही होते. पण कॉन्ट्रॅक्ट देताना मी बादली मागणारा माणूस शोधायची.