खल बोलतो तेव्हा

इमल्शन जमलं की खल बोलतो, असं आमच्या मॅडम म्हणतात. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला तेल आणि पाणी घोटून दुधासारखं औषध करायला शिकवतात. तेलात डिंकाची पूड मिसळायची, मोजलेलं पाणी एकदम ओतायचं आणि न थांबता एकाच दिशेने घोटायचं. जमलं की बत्त्याखालून चटक चटक असा ओलसर आवाज येतो.

माझ्या खलातून तो कधी आलाच नव्हता. मी घाबरून पाणी थोडं थोडं घालायची आणि तेल फुटून वर यायचं.

काल मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ओत गं सगळं. तेलाला कळतं तू घाबरलीस ते."

ओतलं. हात भरून आला, आणि आवाज आला! सांगायला मान वर केली, तर मॅडमनी डोळे मिटून खलाच्या कडेला दोन बोटं टेकवली होती. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, हे मी विसरलेच होते.

तेल आणि पाणी खरं तर एक होतच नाहीत. डिंक मध्ये उभा राहतो, म्हणून एकमेकांजवळ राहतात. माणसापर्यंतही एखादी गोष्ट अशीच कशाकशाच्या आधाराने पोचत असेल. कान नाही, तर बोटं.

इमल्शन केव्हाच झालं होतं. तरी मी घोटत राहिले. मॅडमचं ऐकून व्हायचं होतं.