भावाच्या बायोडाट्यातला नंबर

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. आधार, पॅन, भाडेकरार हे सगळं चालतंच, पण खरी गर्दी बायोडाट्यांची. आनंदनगर एमआयडीसीत कामाला लागू पाहणारा माणूस आधी माझ्यासमोर येऊन बसतो. बसला की सांगतो, "ताई, लिहा, हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल." माझं डोकं तिथेच फिरतं. तो स्वतः अर्धा तास उशिरा आलेला असतो. छंद विचारले की म्हणतो वाचन, आणि शेवटचं काय वाचलं विचारलं की पंख्याकडे बघतो.

असले शब्द गाळायला मला धाकट्या भावाने शिकवलं. तो मशीन ऑपरेटर होता. कंत्राट संपलं तेव्हा स्वतःचा बायोडाटा त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर बसून केला. मी भारी भारी इंग्रजी सुचवत होते आणि तो खोडत होता. "तायडे, शब्द नको. काय केलं ते लिहू. कुठल्या मशीनवर होतो, कोणता पार्ट काढला, माल परत आला तेव्हा चूक कशी शोधली. एका पानात मी दिसलो पाहिजे." पान झालं आणि त्यात तो खरंच दिसत होता. प्रती घेऊन तो दोन दिवस फिरला, तिसऱ्या दिवशी ताप चढला. डेंग्यू निघाला. आठवड्याच्या आत सगळं संपलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

आमच्या धंद्यात कोऱ्या पानावरून बायोडाटा कोणी करत नाही. हाताशी असलेली जुनी फाईल उघडायची, नाव, पत्ता, फोटो बदलायचा, कामाच्या ओळी थोड्या इकडेतिकडे करायच्या आणि नव्या नावाने सेव्ह करायचं. माझी ती जुनी फाईल भावाची आहे. त्याच्याइतकं चांगलं पान मला परत जमलं नाही, म्हणून मी तीच उघडते. निम्म्या आनंदनगरात त्याची वाक्यं कामाला लागली, तो मात्र राहून गेला.

सुरुवातीला त्याचं नाव पुसताना हात थांबायचा. मग सवय झाली, आणि ही सवय झाली याचीच मला भीती वाटायला लागली. प्रिंटरमधून कागद पालथा पडतो. तो उलटा करेपर्यंत दर वेळी वाटतं, फोटो त्याचाच असणार. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, तरीही वाटतं.

घरी मी आणि आई दोघीच. त्याचा मोबाईल आई रोज चार्ज करते, रिचार्ज संपत आला की मला आठवण करून देते. मी निमूट मारून देते. 'तो गेला' हे शब्द आमच्या घरात एकदाही उच्चारले गेले नव्हते. ठरवलं असं काही नव्हतं, पण दोघीही पाळत होतो.

तर मागच्या हिवाळ्यात पालेगावचा एक तरुण आला. भावाच्याच वयाचा, काम तेच. त्याचं कंत्राट संपून दीड महिना झाला होता आणि बायकोला सातवा महिना. तिला त्याने सांगितलंच नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा, कुठेतरी झाडाखाली बसून तो खायचा आणि कामाची वेळ संपली की घरी जायचा. "ताई, डिलिव्हरीच्या आत लागलंच पाहिजे," तो म्हणाला. "तिला कळलं ना, तर ती काय बोलणार नाय. तेच टेन्शन आहे."

मी भावाची फाईल उघडली. मागे दोन माणसं रांगेतल्या नंबरावरून भांडत होती, मी त्यांच्यावर ओरडत होते आणि हाताने टाईप करत होते. नाव बदललं, पत्ता बदलला, जन्मतारीख, फोटो, सगळं बदललं. मोबाईल नंबर तेवढा राहिला. डोळ्यांखालून गेला असेलच, पण तो नंबर मला पाठ आहे. माझ्या डोळ्यांना तो परका वाटला नाही. तिथूनच बायोडाटा तीन कंपन्यांना मेल करून टाकला.

चार दिवसांनी तो परत आला. "एकाचा पण फोन नाय ताई. कुछ तो गडबड है." फाईल उघडली, तर मोबाईलच्या जागी भावाचाच नंबर होता. त्याला काही न सांगता मी आधी तो नंबर लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"आई, कुठे आहेस तू?"

"आनंदनगरला. कंपनीच्या गेटवर. काल फोन आला होता, दहा वाजता मुलाखतीला पाठवा म्हणून."

"कोणाला?"

"त्याला," आई म्हणाली.

कंपनीचं नाव विचारून घेतलं, शटर ओढलं आणि त्या तरुणाला घेऊन रिक्षात बसले. वाटेत सगळं सांगितलं. त्याने मला चार शब्द ऐकवायला हवे होते, मी तयारही होते. तो एवढंच म्हणाला, "दहाचा टाईम होता ना? आता साडेअकरा वाजले." मग बाहेर बघत बसला. मला त्याच्यासमोर लाज वाटत होती, आणि गेटवर आई कशी दिसेल याची भीती.

आई वॉचमनच्या स्टुलावर बसली होती. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी, मांडीवर मोबाईल. वॉचमन मला म्हणाला, "माताजी दस बजे से बैठी हैं. बोलीं लड़का आ रहा है, जगह किसी को मत देना. मैंने अंदर मैडम को बोल के रखा है." मग त्याने त्या तरुणाकडे बोट केलं. "यही है क्या?"

आई उठली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"हो, हाच," ती म्हणाली. "आला."

तो रजिस्टरमध्ये सही करून आत गेला. पाऊण तास आम्ही दोघी त्या गेटवरच थांबलो. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "सोमवारपासून या म्हणाले. मॅडम बोलली, तुमची आई सकाळपासून थांबलीय म्हणून आम्ही पण थांबलो." तो आईच्या पाया पडायला वाकला. आईने त्याला मध्येच धरलं आणि घरी जा म्हणाली. मी म्हटलं, बायकोला आज सगळं सांग. तो हो म्हणाला आणि रस्त्याच्या कडेने जवळजवळ पळतच गेला.

परतीच्या रिक्षात माझा बांध फुटला. चूक माझी होती, पण ओरडले आईवर. "त्या पोराची नोकरी गेली असती, कळतंय का तुला? दीड महिना बिचारा लपून फिरत होता. आणि तू गेटवर जाऊन कोणाची वाट बघत बसलीस? तो गेलाय, आई. तो गेलाय."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. आई रडली नाही. तिने पदर नीट केला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "शेवटची आंघोळ मीच घातली त्याला."

"मग पाठवते का म्हणालीस?"

"ती मॅडम विचारत होती, तुमचा मुलगा उद्या येईल का. सगळ्या जगात तिला एकटीलाच माहीत नव्हतं गं. मी कशाला सांगू तिला?"