भोंग्यातून आलेला निरोप

बिनतारीचं वेड लागलेल्या माणसाला घरात फारसा मान नसतो. छपरावर ताणलेली तार, खोलीत ॲसिडच्या बॅटऱ्या, धोतराला त्याच ॲसिडची भोकं आणि तासन्‌तास कानाला हेडफोन. आमच्या घरात मला भुतांशी बोलणारा म्हणत. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी घरच्यांना चारचौघांत ठणकावून सांगायचो. एका संमेलनानंतर ते सांगणं आपोआप बंद झालं.

संमेलन हे नाव मात्र मोठं होतं. दसरा उलटला की एका शनिवार-रविवारी बेळगावात, खडेबाजाराच्या मागं एका डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या माडीत आम्ही दहाबारा जण जमायचो. कोल्हापूर, मिरज, धारवाडकडची मंडळी आपापलं यंत्र गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मोटारीतून येत. स्वतःचं पोर कुणी इतकं जपून आणलं नसतं. शनिवार सगळा बढायांत जाई. कुणी ऑस्ट्रेलिया ऐकलेली असे, तर कुणी थेट चिली. मासे धरणारे आणि आम्ही, थापा मारण्यात एकाच आळीतले. मधूनमधून डॉक्टरांच्या घरून द्रोणातून खव्याचा गोड कुंदा येई, त्यामुळं खाली पाय निघत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर सरकारनं आमची यंत्रं काढून घेतली. त्याच्या आधीच्या एका वर्षीची ही गोष्ट. आमच्यातले निपाणीचे तारमास्तर त्या वेळी दोन परकी माणसं घेऊन आले. एक सदलग्याकडचा म्हातारा, तंबाखू पिकवणारा, आणि दुसरी त्याची सून. म्हाताऱ्याच्या मुलानं तारमास्तरांकडंच कडकट्ट, म्हणजे तारेची भाषा, शिकून घेतली होती आणि पुढं मुंबईला जाऊन तो बोटीवर बिनतारीवाला झाला होता. ऐन आषाढात त्याची बोट एडनला निघाली ती पोचलीच नाही. बोट बुडाली असं मुंबईहून कळलं. भावकी म्हणू लागली, दिवाळीच्या आत दिवस घाला आणि सुनेचं कुंकू उतरवा. म्हातारा अडून बसला. सूनही अडून बसली.

"तुमच्या यंत्रात समदं जग बोलतंय म्हणं," म्हातारा आम्हांला म्हणाला. "त्यात आमचा पोरगा बोलतोय का तेवढं बघा. बोलला तर सून हाय तशी ऱ्हाईल. न्हाय बोलला तर..."

मला तारमास्तरांचा भयंकर राग आला. बोटी वेगळ्या लहरींवर बोलतात, आमच्या यंत्रांची झेप ती केवढी, आणि बुडालेल्या बोटीचं आम्ही काय ऐकणार? त्यांना बाजूला घेऊन मी चांगलं फैलावर घेतलं.

"मास्तर, न्हाय कसं म्हणू?" तारमास्तर मला म्हणाले. "पोरगं माझ्या हाताखाली शिकल्यालं हाय."

दोन्ही दिवस ती दोघं भिंतीशी बसून राहिली. सून दाराजवळ चटईवर, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. डॉक्टरांच्या यंत्राच्या भोंग्यातून शीळ आली, खरखर आली, कुठल्यातरी परक्या भाषेतलं बोलणं आलं की ती मान वर करी, आणि आवाज विरला की खाली घाली. हळूहळू आमच्या बढाया बंद पडल्या. रिकाम्या भोंग्याची सूं सूं मी उभा जन्म ऐकत आलो होतो. पण ती बाई ऐकत असताना तो आवाज मला नीट ऐकवेना. पलीकडं कुणीतरी तोंड उघडून थांबलंय आणि बोलायला त्याला शब्द सापडत नाही, असं वाटायला लागलं. मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

रविवारी दुपारी परतीच्या पावसानं मच्छे गावाच्या बाजूनं काळं भरून आलं. वीज चमकायला लागली की यंत्राची बाहेरची तार काढून टाकायची, हा आमच्यातला पहिला नियम. मी उठलो, यंत्रामागची तार उपसली, खिडकीबाहेर सोडून दिली आणि खिडकी लावून घेतली. यंत्र बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. माडीत दिवेलागणीसारखा अंधार झाला. यंत्रातले दिवे तेवढे तांबूस जळत होते.

आणि भोंगा वाजायला लागला. कट्ट, कडकट्ट. खरखर नाही, शीळ नाही, शेजारच्या खोलीत बसून कुणी वाजवावं तसा स्वच्छ आवाज. मी सगळ्यांचे हात पाहिले. कुणाचाच हात तार ठोकायच्या कळीवर नव्हता. आमच्या सरावाच्या कळी तर गोधड्यांत बांधलेल्या होत्या.

तारमास्तर सवयीनं मोठ्यानं अक्षरं सांगू लागले. "वाय. ई. टी. ओ." थोडं थांबून पुन्हा तेच. वाय, ई, टी, ओ.

"ही कुणाची खूण?" धारवाडच्या इंजिनिअरांनी विचारलं. आमच्यातल्या प्रत्येकाला अशी अक्षरांची खूण असे.

"खूण नाही," मी म्हणालो. "मराठी आहे. येतो."

सून उठून उभी राहिली होती. "हात त्यांचा हाय," ती म्हणाली.

कळ वाजवायची ज्याची त्याची लकब असते, तिला आम्ही हातच म्हणतो. अक्षर ओळखावं तसा माणूस त्यावरून ओळखता येतो. हा शब्द तिला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. पण नवरा पाटावर कळ ठोकून सराव करी तेव्हा ती चुलीपुढं भाकऱ्या थापत ऐकत असे. "शेवटची रेघ वढत्यात ते," ती म्हणाली. तारेतला लांब ठोका म्हणजे रेघ; भोंग्यातल्या 'ओ'ची शेवटची रेघ खरोखरच लांबत होती.

तारमास्तरांचा चेहरा उतरला. "व्हय. लई मारलं त्याला मी. खोड गेली न्हाय."

म्हाताऱ्यानं भोंग्याला हात जोडले. तो रडत होता आणि हसतही होता. "येतो म्हणतोय. आयकलंसा न्हवं? पोरगा येतो म्हणतोय." एकाएकी आम्ही सगळेच बोलायला लागलो. कुणी त्याची पाठ थोपटली, डॉक्टरांनी खाली कुंदा सांगितला. मला इतका आनंद झाला होता की विज्ञान वगैरे मी पार विसरलो. भोंगा आपला वाजतच होता.

धारवाडकरांना मराठी जेमतेम येई. काय म्हणतोय, त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी हसत 'येतो'चं कानडी केलं, "बर्तेन री."

धारवाडकरांचं हसू जागच्या जागी राहिलं. माझंही. आमच्या शेजारी एक कानडी कुटुंब होतं. त्या घरचे गृहस्थ रोज सकाळी कचेरीला निघताना फाटकातून घरात हाक देत, बर्तेन री. आमच्या घरात तरी दुसरं काय म्हणतात? जातो म्हणणं अशुभ. पायात वहाणा घालून, उंबऱ्यावर उभं राहून माणूस येतो म्हणतो आणि निघतो. घरी परतणारा कशाला येतो म्हणेल? तो येतो आणि पाणी मागतो. हा शब्द मी रोज वापरत आलो, आणि दुसऱ्या भाषेतून कानावर पडेपर्यंत तो मला ऐकूच आला नव्हता.

मी सुनेकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तिला कळलं असावं. म्हातारा सोडून आता सगळ्यांना कळलं होतं.

ती तारमास्तरांच्या समोर आली. "ह्यातनं उलटं बोलता येतंय?"

"काय बोलायचं?"

"या म्हणायचं. कुणी येतो म्हटलं तर घरातल्यानं या म्हणाय लागतंय. त्याबिगर पाऊल निघत न्हाय."

डॉक्टरांच्या यंत्राला निरोप धाडायचीही सोय होती, पण परवाना होता तो आपसांत बोलण्याचा, बोटींशी बोलण्याचा नव्हे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि कळ तारमास्तरांपुढं सरकवली. बाहेरची तार जोडावी म्हणून मी यंत्रामागं गेलो. तिथं तार नव्हती. ती मीच काढली होती. काचेबाहेर पावसात लोंबत होती. म्हणजे इतका वेळ हे यंत्र कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि कट्ट, कडकट्ट माझ्या कानाशी चाललं होतं. मी भ्यालो होतो, सरळ भ्यालो होतो. डॉक्टरांनीही मान वळवून ते पाहिलं. खिडकी उघडायचा मला धीर झाला नाही.

तारमास्तरांनी वाजवलं. वाय, ए. ते कुठं गेलं मला माहीत नाही, कुठं जाण्याची सोयच नव्हती. पण भोंगा थांबला. मागं सूं सूं सुद्धा राहिली नाही.

पाऊस उघडल्यावर ती दोघं निपाणीच्या मोटारीला निघाली. म्हातारा लगबगीनं पुढं झाला. वाटेत भेटेल त्याला पोराची बातमी सांगत तो जिना उतरला. जिन्याच्या तोंडाशी मी सुनेला थांबवलं, पण कुंकवाचं विचारायचं कसं ते मला कळेना. तिनंच ओळखलं.

"मास्तर, भावकी लई मागं लागली व्हती तवा मी मालकांसाठी कुंकू लावत हुते," ती म्हणाली. "आता मामंजींसाठी, त्ये हायत तवर लावायचं."

"आणि त्यांना कधी सांगणार?"

खालून म्हाताऱ्यानं हाक मारली, "चल की गं पोरी. घराला कुलूप हाय. तो यायचा आन् दारात बसून ऱ्हायचा."

तिनं कपाळावरचं कुंकू बोटानं नीट केलं. "आले, मामंजी," ती म्हणाली आणि जिना उतरली.