चिकूच्या खोलीतल्या कुकीज

कुकीजचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला की पुढची अठरा-वीस मिनिटं माणसाच्या हातात काही उरत नाही. दार उघडायचं नाही, सारखं डोकवायचं नाही, फक्त वासावर लक्ष ठेवायचं. आमचे दिवसाला सात-आठ घाणे निघतात. म्हणजे सात-आठ वेळा चार बायका स्टुलांवर रिकाम्या बसतात! मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? कुकीज महिन्याभरात संपवाव्या लागतात. किश्श्यांना एक्स्पायरी नाही.

आधी चौघी कोण, ते सांगते. हेमाकाकी आमच्या म्होरक्या. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, बोर्डी आणि झाईच्या मध्ये त्यांची चिकूची वाडी. लक्षी तलासरीकडच्या पाड्यावरची. लहानपणापासून वाड्यांमध्ये चिकू तोडत आलेली, नुसता हात लावून कुठला चिकू कधी पिकेल ते सांगते. रेखाबेन झाईच्या, बोलणं अर्धं मराठी अर्धं गुजराती, आणि खाण्यात कांदासुद्धा चालत नाही. चौथी मी, वैशाली, काकींची शेजारीण. वापीला जाऊन पंधरा दिवसांचा बेकिंगचा कोर्स केला होता, त्या जोरावर मला सगळे ‘मॅडम’ म्हणायला लागले.

चिकूचा गर, पिकलेली केळी, खजूर, ओट्स, चमचाभर तूप आणि थोडी वेलची. साखर नाही, मैदा नाही. रेसिपी एवढीच.

प्रश्न जागेचा होता. काकींच्या घरामागे चिकूचे क्रेट ठेवायची खोली आहे. ती नानांची, म्हणजे काकींच्या मिस्टरांची. नानांनी ती दिली, पण अट घालून दिली.

“होळीपर्यंत वापरा. पुढे माल वाढतो, मला क्रेट ठेवायला जागा लागते. तोवर एक तरी अनोळखी माणूस आपण होऊन दारात आला आणि त्यानं कुकीज मागितल्या, तर खोली कायमची तुमची. नातेवाइकांचं कौतुक धरायचं नाही. फोनवरच्या ऑर्डरी धरायच्या नाहीत. दारात आला पाहिजे!”

काकींनी तिथल्या तिथे हो म्हटलं. नंतर मला म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस वर्षं झाली गं या घरात येऊन. स्वयंपाकघर अजून सासूबाईंचं, वाडी यांची, पुढची खोली पाहुण्यांची. मला एक जागा पाहिजे, जिथे मी आत असले की बाकीच्यांनी दार वाजवून यायचं.” हे ऐकल्यापासून ती होळी आम्हा चौघींच्या डोक्यावर बसली.

* * *

ओट्सचं पहिलं पाकीट फोडलं तेव्हा लक्षीनं मूठभर हातावर घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “मॅडम, हे पोहे कुटणारा मधेच उठून गेला काय?”

नाना दारातून डोकावले. “पोहे कसले! घोड्याचा खुराक आहे तो.”

काकी मान वर न करता म्हणाल्या, “म्हणून तर करतोय. तुम्ही जरा पळाल तरी!”

नाना निघून गेले. त्या दिवशी ते परत डोकावले नाहीत.

* * *

पहिला घाणा मस्त निघाला. सोनेरी रंग, घरभर वेलचीचा वास. कोर्समध्ये शिकवलं होतं की गरम कुकी मऊ असते, गार होताना घट्ट होते, तोवर हात लावायचा नाही. मी ट्रे पडवीत जाळीवर ठेवला, सगळ्यांना तसं बजावून सांगितलं आणि हात धुवायला गेले.

परत आले तर प्रत्येक कुकीच्या बरोब्बर मध्यभागी खड्डा! चोवीसच्या चोवीस!

आमच्याकडे चिकू दिसला की माणूस अंगठ्यानं दाबून बघतो. त्यात विचार वगैरे काही नसतो, हात आपोआप जातो. लक्षी जाता जाता दाबून गेली होती. काकींनी दाबून पाहिलं होतं. शेजारचे आजोबा पेपर मागायला आले होते, त्यांनी अख्खी एक ओळ दाबली होती. वर मला सांगून गेले, “अजून दोन दिवस ठेवा. मऊ लागतायत, पण आतून तयार नाहीत.”

मला राग आवरेना. पण टाकायच्या कशा? तशाच पॅक करून काकींच्या भाचीकडे मुंबईला पाठवल्या. तिचा रात्री मेसेज आला, ‘मधला तो खळगा फार क्यूट आहे! कुठला साचा वापरता?’

काकींनी मला टाईप करायला सांगितलं, “हँडमेड.”

आता आम्ही मुद्दाम दाबतो. अंगठा लक्षीचाच लागतो, माझा दाब सारखा पडत नाही.

* * *

पॅकिंग काकींकडे होतं. जवळजवळ पन्नास वर्षं चिकूचे क्रेट भरलेला हात, आम्ही कशाला लक्ष घालतो!

भाचीच्या ऑफिसातून दुसरी ऑर्डर आली आणि चार दिवसांनी भाचीचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. “मावशी, वरच्या थराच्या कुकीज एकदम छान. पण खाली... खाली बारक्या आहेत गं. आणि एकदम तळाला तुकडे आहेत.”

काकींनी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, “बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“वर मोठा माल, मध्ये मध्यम, तळाला बारीक. असंच भरतात.”

“मावशी, हे चिकू नाहीत!”

काकी उसळल्या. “आमच्या वाडीचे क्रेट मुंबईला जातात त्याला पन्नास वर्षं झाली. एका माणसानं तक्रार केली नाही. आणि तुझ्या ऑफिसातली पोरं डब्याच्या तळापर्यंत गेलीच कशाला?”

रेखाबेन म्हणाल्या, “हेमाबेन, सारुं लागलं म्हणून गेली ना!” सारुं म्हणजे छान. तेव्हापासून पॅकिंग रेखाबेन करतात, आणि काकी लांबून बघून उसासे टाकतात.

* * *

नानांना शुगर आहे. कुकीजमध्ये साखर नाही हे त्यांनी कुठून तरी ऐकलं आणि त्यांच्या मनातलं घोड्याचं प्रकरण एका दिवसात मिटलं. सकाळच्या चहाबरोबर दोन, पेपर वाचताना दोन, वाडीत जाताना खिशात चार. विचारलं की म्हणायचे, “हेल्दी आहे ना? मग हेल्थ करतोय.”

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद बघितला, नानांकडे बघितलं, परत कागद बघितला. काकींनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “नाना, चिकू, केळं, खजूर, तिन्ही गोडच की! मी तुम्हाला पथ्य सांगितलं होतं. पथ्याची पंगत नव्हती सांगितली!”

आता नानांना दिवसाला एक कुकी मिळते. ती ते अर्धी अर्धी करून दोनदा खातात आणि दोन्ही वेळा ‘ही लहान होती’ म्हणतात.

* * *

वरोरला लक्षीच्या ओळखीच्या एका कोळी घरात बारसं होतं. त्यांनी आमचा मोठा स्टीलचा डबा भरून कुकीज नेल्या. आम्ही खूश. ओळखीतलेच असल्यामुळे नानांच्या अटीत बसत नव्हते, पण निदान डबा रिकामा झाला.

डबा परत आला तो जड लागला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत सगळीकडेच आहे. त्यांनी घरी जे उत्तम होतं ते भरलं होतं. सुके बोंबील! छान निवडलेले, एकसारखे. लक्षीनं ते काढून घेतले, डबा तीनदा घासला, उन्हात ठेवला आणि रेखाबेननी दुसऱ्या दिवशी त्यात ताज्या कुकीज भरल्या.

संध्याकाळी रेखाबेननी झाकण उघडलं. झाकण लावलं. मग स्टुलावर बसून मला हळूच विचारलं, “वैशालीबेन, आ शुं छे? चिकूला दरियाचा वास कसा?”

काकींनीच त्यांना अंगणात नेऊन खरं काय ते सांगितलं. रेखाबेन दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या घरून स्वतःचे चार डबे घेऊन, प्रत्येकावर लाल रंगानं नाव घातलेलं.

त्या घाण्याचं काय करायचं? लक्षी पाड्यावर घेऊन गेली. सकाळी आली ती हसतच. “पोरांनी संपवली पण. विचारत होती, ती बोंबलाची बिस्किटं परत कधी हाय?”

* * *

होळी पंधरा दिवसांवर आली तरी दारात कोणी अनोळखी माणूस फिरकला नव्हता. वाडी रस्त्यापासून आत, येणार कोण? मग मी आणि काकी एक दिवस अच्छाडला गेलो. हायवेवरच्या एका ढाब्यावर टेबल टाकलं, बोर्ड लावला. काकींचा हिशोब असा की तिथे खाऊन आवडलं तर एखादा पत्ता शोधत घरी येईल.

ट्रकवाले यायचे, बोर्ड वाचायचे आणि भजी घ्यायचे. शेवटी एक सरदारजी ड्रायव्हर थांबले. “माताजी, इसमें क्या है?”

काकींनी जे नाही तेच आधी सांगितलं. “चीनी नहीं, मैदा नहीं, तला हुआ नहीं!”

त्यांनी एक कुकी चहात बुडवून खाल्ली, मान हलवली आणि अगदी मनापासून विचारलं, “बढ़िया है। लेकिन ये बीमारी में खाते हैं, या बीमारी के बाद?”

काकी म्हणाल्या, “बीमारी के बदले!”

सरदारजी खदाखदा हसले आणि पाच पाकिटं घेऊन गेले. पण ते चालले होते अमृतसरला. ते काही होळीच्या आत बोर्डीला परत येणार नव्हते.

* * *

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा नानांचे रिकामे क्रेट खोलीबाहेर रचून ठेवलेले होते. काकींनी कोणाला न सांगता ट्रे धुवून पुसून एकावर एक ठेवले होते. लक्षी आणि रेखाबेन त्या ट्रेंकडे बघत उभ्या होत्या. मला तर रडूच येत होतं. काकी म्हणाल्या, “चेहरे पाडू नका. हा शेवटचा घाणा नीट भाजा.”

तीनच्या सुमाराला फाटक वाजलं. एक माणूस उभा होता, तिशीतला, मिशीवाला. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यात जरा घट्ट. यापूर्वी आम्ही कोणी त्याला पाहिलेलं नव्हतं. नाना पुढच्या पडवीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

माणूस अंगणात येऊन थांबला. तोंड उघडलं, मिटलं. घाम पुसला. मग एका दमात म्हणाला, “सुना है यहाँ चिकू के बिस्किट मिलते हैं। बहुत दूर से आए हैं।”

लक्षीनं टाळीच वाजवली! रेखाबेन पाकिटं भरायला धावल्या. काकींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, गरम कुकीज दिल्या. त्यानं चार खाल्ल्या, सहा पाकिटं घेतली, पैसे दिले आणि वाकून नमस्कार करून गेला.

नाना उठले. पेपरची घडी केली. “शब्द म्हणजे शब्द,” म्हणाले. “खोली तुमची.” आणि स्वतः एक एक क्रेट उचलून पुढच्या खोलीत, सोफ्यामागे नेऊन रचायला लागले. काकी आत गेल्या आणि ट्रे परत ओट्यावर मांडले.

धुळवडीनंतर आठवड्यानं मी वाडीच्या फाटकातून येत होते. चिकू न्यायला टेम्पो लागला होता. ड्रायव्हर खाली उतरला आणि मी जागच्या जागी थबकले. तोच माणूस, तीच मिशी! मला बघून त्यानं हात जोडले. “दीदी, बिस्किट सच में अच्छे थे।” विचारलं तर म्हणाला, नानांनी यंदा नवीन टेम्पो लावलाय, बोलणी होळीच्या आधीच पक्की झाली होती.

मी तशीच खोलीकडे पळाले. दार बंद होतं. वाजवलं, काकींनी “ये” म्हटल्यावर आत गेले. त्या एकट्याच खजुराच्या बिया काढत होत्या. सांगू की नको, सांगू की नको, असं झालं मला. शेवटी बोलून टाकलं. “काकी, तो त्या दिवशीचा माणूस... तो नानांचा टेम्पोवाला आहे हो!”

काकींनी खजूर खाली ठेवला नाही.

“माहीत आहे गं. आदल्या दिवशी हे मागच्या पडवीत त्याच्याकडून पाठ करून घेत होते. मी आत वाल सोलत बसले होते. ट्रे धुवून ठेवले तेही यांना शंका नको म्हणून. तीनदा म्हणून घेतलं, तिन्ही वेळा तो मेला ‘सुना है’ विसरला. माझा जीव वरखाली! अंगणातही अडकला असता ना, तर मीच हळूच सांगणार होते!”